वाटेचे मुकादम

दिंडीत प्रत्येकाला काम नेमून दिलेलं असतं. विणेकऱ्यानं वीणा खाली ठेवायची नाही, चोपदारानं रांग मोडू द्यायची नाही, पखवाजी मध्ये, टाळकरी दोन्ही अंगांना, तुळशीवाल्या बाया त्यांच्या मागं, आणि सामानाच्या वळकट्यांनी भरलेला ट्रक वेगळाच. स्वयंपाकाला माणसं ठरलेली, टँकरला ड्रायव्हर ठरलेला. एका गृहस्थाला मात्र कुणीच काही नेमून दिलेलं नसतं, आणि पहाटे तीनपासून रात्रीचं कीर्तन संपेपर्यंत त्याच्याइतकं काम कुणालाच नसतं. वीणा कशी धरावी हे तो विणेकऱ्याला सांगतो. रांग कुठं वाकली ते चोपदाराला दाखवतो. आमटीत मीठ कमी पडलं हे आचाऱ्याला, टँकर उतारावर उभा केला हे ड्रायव्हरला, आणि महाराजांनी कालचाच दृष्टांत आज पुन्हा दिला हे महाराज सोडून बाकी सगळ्यांना सांगून झाल्याशिवाय त्याला झोप येत नाही.

आमचा मुलूख ऊसतोडीच्या मुकादमांचा. पण तो मुकादम निदान उचल देऊन माणसं बांधतो. हा वाटेचा मुकादम स्वतःच्या खिशातून दिंडीची भिशी भरतो आणि वर सगळ्यांची जबाबदारी फुकट अंगावर घेतो. असा एक जण प्रत्येक दिंडीत असतोच. कुठं त्याला अण्णा म्हणतात, कुठं नाना. आमच्याकडं आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच म्हणतो. पण हे एकाच माणसाचं चित्र समजू नका. हा वाणच असा आहे, आणि तो वारीच्या वाटेवर जोमानं येतो.

या वाणाची पाहणी करायची तर वडीगोद्रीसारखं गाव नाही. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता जिथं धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो तिथं आमचं गाव. जून २०२४ मध्ये ओबीसी आरक्षणाच्या उपोषणामुळं वडीगोद्रीचं नाव टीव्हीवर झळकलं आणि पुण्या-मुंबईच्या लोकांना ते कळलं. पायी चालणाऱ्यांना ते फार आधीपासून पाठ आहे. ज्येष्ठात मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघून मलकापूर, बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, जालना, अंबड करत आमच्या दारावरून गेवराई-बीडकडं जाते. आषाढी उरकली की शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेवर बीड, गेवराई, शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडून येते आणि अंबड-जालन्याकडं निघते. म्हणजे एक वारी उन्हात दक्षिणेला जाताना दिसते आणि दुसरी चिखलात उत्तरेला परतताना. आबा पहिलीत चालतात आणि दुसरीची तपासणी करतात.

मुक्ताईची वारी लांब पल्ल्याची. महिन्याहून जास्त दिवस पायाखाली जातात. आबा इथून एसटीनं मुक्ताईनगर गाठतात आणि तिथून पायी निघतात. इतका उलटा वळसा घालण्याऐवजी वडीगोद्रीतूनच दिंडीत शिरलं तर काय बिघडतं, असं त्यांना एका सरकारी नोकरानं विचारलं होतं. आबा म्हणाले, "अर्ध्यात चढणाऱ्याला प्रवासी म्हणत्यात."

या वाटेत जंगल आहे आणि जंगल संपलं की वाळवंटाची बहीण शोभेल अशी जमीन आहे. जंगल म्हणजे बुलढाण्याच्या अलीकडचा राजूर घाट. बाजूला ज्ञानगंगा अभयारण्य, त्यात अस्वलं आहेत, बिबटे आहेत. प्रत्यक्षात घाट एका मजलेत पार होतो. आबांच्या तोंडी मात्र तो बुलढाण्यापासून जालन्यापर्यंत ताणला जातो. एका पहाटे झाडीत काहीतरी हललं होतं. ते पहिल्या वर्षी "कायतरी काळं" होतं, पुढं अस्वल झालं, मग पिलं असलेली अस्वलीण झाली. अलीकडं ती आबांच्या टाळाच्या आवाजानं बाजूला सरून वाट देते. आणखी दोन-चार वाऱ्यांत ती हात जोडणार याबद्दल गावात कुणाला शंका नाही.

जालना सोडलं की जंगलाचं नाव नको. ज्येष्ठातली नांगरून टाकलेली काळी रानं, पेरणीला टेकलेली, ढगाकडं तोंड करून पडलेली. पाऊस वेळेवर आला तर चिखल, नाही आला तर फुफाटा. दुपारी डांबर मऊ होतं आणि चपलेचा तळवा उचलताना आवाज करतो. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा कडेची जुनी झाडं गेली. आता सावली मिळते ती पुलाखाली, पेट्रोल पंपाच्या छताखाली, नाहीतर उभ्या ट्रकच्या पलीकडच्या अंगाला. यातली प्रत्येक जागा आबांना ठाऊक. कुठला ढाबेवाला वारकऱ्यांना थंड पाणी देतो, कुठला पंपवाला नळाला कुलूप घालतो, कुठल्या शाळेचा व्हरांडा पश्चिमेला आहे आणि म्हणून रात्री दहापर्यंत तापलेला राहतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात गावनिहाय लावलेलं. तलाठ्याचं दप्तर हरवेल, हे हरवायचं नाही.

आबांची पहिली कसोटी पिशवीची. दिंडीत बहुतेकांची वळकटी ट्रकमध्ये असते. पाठीवर पाण्याची बाटली, हातात पताका, काम भागलं. आबांना हे मान्य नाही. "सामान ट्रकात आन् आपुन रस्त्यावर, मंग ती वारी सामानाची झाली का तुही?" असं म्हणून ते नव्या माणसाला पहिल्याच मुक्कामावर गाठतात आणि पिशवी उघडायला लावतात. हा समारंभ पाहण्यासारखा असतो. आबा मांडी घालून बसतात, चष्मा कपाळावरून नाकावर येतो, आणि एकेक जिन्नस सतरंजीवर निघतो. तीन सदरे. "लग्नाला चाललास?" टॉवेल, तोही जाडजूड. "हा वाळायला आषाढी उजाडंल." बॅटरी, छत्री, चिवड्याचा डबा, आणखी एक डबा. मोबाईलचा चार्जर, वर पॉवर बँक. पॉवर बँक ते हातात तोलून पाहतात, काही बोलत नाहीत, फक्त शेजारच्या माणसाकडं बघतात. तेवढ्यानंच मालक खजील होतो.

मग आबांची स्वतःची पिशवी उघडते. एक धोतर अंगावर, एक पिशवीत. पंचा, टाळ, बुक्क्याची डबी, हरिपाठाची मळकी पोथी, सुई, दोऱ्याचं रीळ, बामची बाटली, हळदीची पुडी. दात घासायला ब्रश नाही, वाटेतला लिंब आहे. ताट नाही, वाटी आहे. ताट म्हणजे पंगतीतल्या पत्रावळीवर अविश्वास. सगळं मिळून दोन किलोच्या आत. हे वजन त्यांनी किराणा दुकानात काट्यावर करून घेतलेलं असतं आणि दुकानदाराला साक्षीला ठेवलेलं असतं. गंमत अशी की तिसऱ्या दिवसापासून आबा त्याच ट्रकजवळ, त्याच नव्या माणसाकडं चिवडा मागताना दिसतात. आणि रात्री त्यांचा मोबाईलही त्याच पॉवर बँकेला लागलेला असतो. घरी मोसंबीला पाणी सोडलं का हे विचारायचं असतं.

दिवस तीनला सुरू होतो. तीनला उठलेल्याला टँकरचं पाणी स्वच्छ आणि भरपूर, चारला उठलेल्याला रांग, पाचला उठलेल्याला टँकरच्या बुडाचा गाळ. हा सिद्धांत आबांचा, आणि तो खराही आहे. अडचण एवढीच की आबा स्वतः उठून थांबत नाहीत, सिद्धांत सगळ्या राहुट्यांत फिरून सांगतात. "उठा माउली, पाणी चाललं." त्या 'माउली'त इतका गोडवा असतो की शिवी देणाऱ्याची पंचाईत होते. आंघोळ, काकडा, चहा, आणि उजाडायच्या आत पाय रस्त्यावर. ऊन चढायच्या आधी निम्मी मजल मारायची. न्याहारीला एखाद्या गावची पोहे-चहाची पंगत, दुपारी विसाव्याला जेवण आणि डोक्याखाली पिशवी घेऊन तासभर झोप. चारच्या सुमारास पुन्हा पखवाजावर थाप. संध्याकाळी मुक्कामाच्या गावात आरती, हरिपाठ, जेवण, कीर्तन. नवा माणूस कीर्तनात पेंगतो. आबा पेंगत नाहीत. डोळे मिटून ऐकतात, आणि घोरण्याचा आवाज येतो तो कुणाचा हे मात्र त्यांना कळत नाही.

अन्नदानाचा हिशोब आबांच्या डोक्यात पक्का असतो. कुठल्या गावची पिठलं-भाकरी, कुठल्या गावची पुरणपोळी, कुठं वरण पातळ, कुठं ठेचा असा की विठ्ठल आठवावा. एखाद्या गावानं नेहमी वाढलेला पदार्थ कमी केला की आबा फार दुःखी होतात. स्वतःसाठी नव्हे. "मला काय, मी तर अर्धी भाकर खाणारा. पण गावाचं नाव गेलं." हे म्हणताना तिसरी भाकरी हातात असते.

नव्या वारकऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला: "कितवी?" पहिलीच असेल तर आबांचा चेहरा उजळतो, शिकवायला कोरी पाटी मिळाली. दहावी-बारावी असेल तर "चांगलं, चांगलं" म्हणून आबा विषय बदलतात. आणि समोरचा आपल्यापेक्षा जुना निघाला तर आबा म्हणतात, "आपुन मोजत नाही. मोजली की वारी बाटली." त्यानंतर बहात्तरच्या दुष्काळाची आठवण आपोआप निघते. वाटेत पाणी नव्हतं, दुष्काळी कामावरची सुकडी खाऊन दिवस काढले, तेव्हाची वारी ती वारी. आताची म्हणजे सहल. जुन्या वारीत सगळंच खरं होतं. फोडसुद्धा मोठे यायचे.

करोनाच्या दोन वर्षांत, २०२० आणि २०२१ मध्ये, पायी वारी बंद झाली आणि संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आबांनी ते टीव्हीवर पाहिलं. त्यांना न जाण्यापेक्षा एक गोष्ट जास्त लागली, ती म्हणजे गाडीत कुणी कुठं बसायचं हे सांगायला तिथं कुणी नव्हतं. त्या दोन्ही वर्षी त्यांनी रोज सकाळी मोसंबीच्या बागेला फेऱ्या घातल्या आणि बागेतल्या गड्यांना पावलं कशी टाकायची ते शिकवलं. दुसऱ्या वर्षी त्यातला एक गडी काम सोडून गेला.

पण आबा खरे कळतात ते पायापाशी. आठवड्याभरात नव्या माणसाच्या तळव्याला फोड येतो. टाचेला किंवा अंगठ्याच्या बुडाला, पाण्यानं टम्म फुगलेला. माणूस लपवतो, लंगडत चालतो. आबा मागून येताना पावलाचा आवाज ऐकतात आणि ओळखतात. एक पाऊल जोरात, एक हळू. विसाव्याला त्याला बसवून त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतात. पाय धुतलेला नसला तरी चालतं. सुई काडीच्या ज्योतीवर धरतात, दोन क्षण, निळसर होईपर्यंत. दोरा पांढरा, सुती. नायलॉनचा नाही, तो पाणी ओढत नाही. सुई फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढतात, वरच्या कातडीतून, आतल्या लालीला न शिवता. दोन्ही बाजूंना बोटभर दोरा बाहेर सोडून तोडतात. "आता वढू नको. रातभर पाणी यातून झिरपंल. कातडं सोलायचं नाही, ते तुहं मलम हाये." वर हळद दाबतात. फिरत्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई या दोऱ्यावरून त्यांना दरवर्षी रागावतात. दोऱ्यावाटे जंतू आत जातो, त्यापेक्षा निर्जंतुक सुईनं पाणी काढा आणि स्वच्छ पट्टी बांधा, असं त्यांचं म्हणणं. आणि ते बरोबरही आहे. आबा मान डोलावतात, "व्हय माउली" म्हणतात, त्यांच्याकडून पट्टीची दोन पाकिटं घेतात आणि पुढच्या फोडाला दोराही घालतात, पट्टीही बांधतात. इतका वेळ ते एक शब्द उपदेश करत नाहीत. त्यांच्या दिवसातला तेवढाच वेळ गप्प जातो. पाय मांडीवरून खाली ठेवला की मात्र, "चपला नव्या कामून घातल्या? महिनाभर आधी घरी वापरायच्या असत्यात," सुरू.

वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात. लहानमोठं पाहत नाहीत. आता पाया पडण्यात काय स्पर्धा असणार, असं तुम्हाला वाटेल. आबांना पाहिलं नाही म्हणून वाटेल. समोरून कुणी वाकायला निघाला की आबा त्याच्या आधी वाकतात. तो आणखी वाकतो, आबा आणखी. अशा वेळी दोन टोप्या एकमेकींवर आपटल्याचं मी पाहिलं आहे. एकदा शेजारच्या दिंडीतला एक तितकाच पोचलेला मुकादम भेटला आणि दोघांनी एकमेकांच्या पायावर डोकं ठेवण्याचा इतका हट्ट धरला की मागची रांग थांबली आणि चोपदाराला यावं लागलं. माणूस शेत ठेवून येतो, बांधाचं भांडण ठेवून येतो, सोसायटीचं कर्ज ठेवून येतो. 'मी' मात्र पिशवीत येतो, आणि तिसऱ्या मुक्कामापर्यंत बाहेर पडून सगळ्यांपेक्षा जास्त नम्र होऊन बसतो.

याचा कळस वडीगोद्रीतच होतो. दिंडी गावात शिरते तेव्हा आबांचं घर रस्त्याच्या डाव्या हाताला, हाकेच्या अंतरावर. आबांचा नेम असा की वारीत स्वतःचा उंबरा ओलांडायचा नाही. म्हणून ते रस्त्यावर उभे राहतात आणि जिजी, म्हणजे त्यांचं कुटुंब, ताट घेऊन बाहेर येतात. आबा नेमानं वाकतात आणि जिजींच्या पायाला हात लावतात. "राम कृष्ण हरी, माउली!" सगळी दिंडी बघत असते. जिजी पदर सावरत म्हणतात, "हे यवढंच घरी असताना एक डाव करा, म्हंजी मला बी पंढरपूर घडंल." बाया हसतात. आबा हसत नाहीत. त्यांचं लक्ष जिजींच्या खांद्यावरून गोठ्याकडं असतं.

"गाय व्याली का?"

"तुमी वारीत हाये ना?"

"तसं नव्हं, सहज इचारलं."

"व्याली."

"काय झालं?"

"इठ्ठल जाणं," म्हणून जिजी ताट घेऊन आत जातात. आबांचा तो सबंध दिवस वाईट जातो. वारी मोडून उंबरा ओलांडता येत नाही, आणि कालवड का गोऱ्हा ते कळल्याशिवाय पाऊल उचलत नाही. शेवटी शहागडच्या अलीकडं ते नातवाला फोन लावतात आणि "सहज केला" म्हणतात.

आषाढी झाली की आबा लालपरीनं घरी येतात आणि दोन-तीन आठवडे पाय तेलात ठेवतात. तेवढ्यात शेगावची पालखी परतीला येते आणि आबा तपासणीला रस्त्यावर जाऊन उभे राहतात. ही त्यांच्या वर्षातली सगळ्यात कठीण दुपार. गजानन महाराजांची पालखी १९६८ पासून पायी जाते. सातशेच्या आसपास वारकरी, सगळे पांढऱ्या कपड्यांत, रांगा आखल्यासारख्या, टाळ एका ठेक्यात, पावलं एका ठेक्यात. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. कुणी रस्त्यावर केळीचं साल टाकत नाही. आबा बारकाईनं बघतात, पुढून बघतात, रस्ता ओलांडून पलीकडून बघतात. चुकीचं काहीच सापडत नाही. शेवटची रांग निघून गेल्यावर ते खिन्नपणे म्हणतात, "लई शिस्तीत चालू राहिले. माणसानं बोलावं कुठं?"

अशाच एका दुपारी त्यांच्या शेजारी गावातला एक पोरगा उभा होता. अमेरिकेत नोकरीला आहे, सुट्टीवर आला होता. त्यानं सांगितलं की तिकडंही अशी लांब पायवाट आहे. मेक्सिकोच्या हद्दीवर सुरू होते आणि कॅनडाच्या हद्दीवर संपते. सव्वाचार हजार किलोमीटरच्या वर. सगळी चालायला पाच महिने लागतात. दक्षिणेला अकराशे किलोमीटर वाळवंटी मुलूख, नंतर बर्फाचे डोंगर, मग उत्तरेकडं जंगलच जंगल. तो त्यातला वाळवंटाचा काही भाग चालला होता. आबांना आधी खोटं वाटलं. मग प्रश्न सुरू झाले.

"पाण्याचं काय?"

"पाठीवर न्यायचं. कुठं कुठं लोक कॅन भरून ठेवून जातात, ओळख ना पाळख."

"मंग ते अन्नदानच की. दिंडीला किती माणसं?"

"दिंडी नसते. जो तो आपापला. एकमेकांना वाटेत नवी नावं ठेवतात, त्याच नावानं हाका मारतात."

"कामून? समद्यांना माउली म्हणायचं, लक्षात ठेवायला सोपं." आबा थोडं थांबले. "जनावर?"

"अस्वलं असतात. डोंगरात खायचं सामान बंद डब्यात ठेवायचा नियम आहे." हे ऐकून आबांनी राजूर घाट काढला. पोरगा भिडस्त, अर्धा तास ऐकून घेतलं.

मग पिशवीवर गाडी आली आणि पोराचा भिडस्तपणा संपला. तिकडं प्रत्येक जिनसेचं वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवतात, म्हणाला. वजन वाचावं म्हणून काही जण दातांच्या ब्रशची दांडी अर्धी कापतात, कपड्यांची लेबलं काढून टाकतात. आबा उठून उभे राहिले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बरोबरीचा भेटला होता. त्याच पावली दोघं घरी आले आणि सतरंजीवर आबांची पिशवी उपसली गेली. पोरानं बामची काचेची बाटली उचलली. "हे प्लॅस्टिकच्या डबीत काढा आबा, काच जड." आबा म्हणाले, "तुह्या लोकांनी दांडी कापली, म्या ब्रशच सोडला." पोरगा म्हणाला, टाळ पितळेचे, जड आहेत. त्यावर आबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुढचा जिन्नस उचलायचं विसरला.

"तिकडं शेवटाला काय हाये?" आबांनी निघताना विचारलं.

"कॅनडाच्या हद्दीवर लाकडी खांब आहेत. तिथं पोचायचं, हात लावायचा, फोटो काढायचा."

"आन् परत?"

"परत."

हे ऐकून आबा हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. "ठीक हाये," म्हणाले. "गर्दी असली की आमी बी कळसाला हात जोडून फिरतो. चालणं झालं म्हंजी झालं." आणि लगेच, "पर इतकी माणसं चालत्यात, तर रांग कोण लावतं तिकडं?" कुणीच लावत नाही, हे कळल्यावर त्यांना त्या देशाची खरी काळजी वाटू लागली.

आबांवर हसणं सोपं आहे, आणि मी आतापर्यंत तेच केलं. आता हिशोबाची दुसरी बाजूही मांडतो. दिंडी चालते ती भक्तीवर हे खरं. पण ती वेळेवर पोचते ती अशा आगाऊ माणसांमुळं. टँकर उतारावर उभा राहिला की खरंच शेवटच्या बायांना पाणी येत नाही. पश्चिमेचा व्हरांडा खरंच रात्रभर तापतो. उन्हात बसकण मारलेल्या म्हातारीला सावलीत नेऊन मीठ-साखरेचं पाणी पाजायचं, तिची पिशवी स्वतःच्या पिशवीवर टाकायची आणि पुढच्या विसाव्यापर्यंत "वजन लई आणलं" म्हणून तिला बोलत राहायचं, हे काम कुठल्याही यादीत नसतं. ज्याला दुसऱ्याच्या पिशवीत डोकावल्याशिवाय चैन पडत नाही, त्यालाच दुसऱ्याच्या पायातला काटा आधी दिसतो. अहंकार जात नसेल तर तो असा कामाला लावावा. वारीनं तो काढून टाकला नाही, जुंपला मात्र नीट.

तेव्हा येत्या ज्येष्ठात तुमचा बेत असेल तर महिनाभर आधी रोज चालायला लागा. चपला जुन्या घाला. टोपी किंवा उपरणं डोक्यावर ठेवा, पाणी तहान लागायच्या आधी प्या, आणि भिशी वेळेवर भरा. दिंडीत शिरलात की पहिल्याच मुक्कामावर तुमचे आबा कोण ते हेरून ठेवा. शोधावं लागत नाही, ते तुम्हाला शोधत येतात. त्यांच्या पुढं चालू नका, फार मागं राहू नका, आणि कितवी वारी असं विचारलं तर खरं असो-नसो, पहिलीच सांगा. पिशवी त्यांना शक्यतो दाखवू नका. फोड आला तर मात्र त्यांनाच दाखवा.